मूत्रपिंडाची वेदना आणि तिचा अर्थ

रायपूर शहराला लागून असलेली उरला ही छत्तीसगडमधील एक मोठी औद्योगिक वसाहत होय. शेजारच्या सिलतरा वसाहतीप्रमाणे येथेही पोलाद वितळविण्याच्या भट्ट्या, तापलेल्या लोखंडापासून सळ्या व पट्ट्या काढणाऱ्या रोलिंग मिली आणि तत्सम उद्योग एकवटलेले आहेत. मे महिन्यात या भागातील तापमान अनेकदा ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. भट्टीच्या तोंडाशी उभे राहणाऱ्या कामगाराला त्याहूनही कितीतरी अधिक उष्णता सोसावी लागते. अशा ठिकाणी कष्टाचे काम करणाऱ्या माणसाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो. तेवढे पाणी पोटात गेले नाही तर शरीर ते मूत्रातून वाचविते. मूत्र थोडे, दाट व गडद होते, आणि त्यात विरघळलेले क्षार स्फटिकांच्या रूपाने बाहेर पडू लागतात.

उष्णता आणि मुतखडा यांचा हा संबंध केवळ तर्काचा नाही. ब्राझीलमधील एका पोलाद कारखान्यातील कामगारांची पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. तीत उष्ण विभागात काम करणाऱ्यांपैकी सुमारे ८ टक्के कामगारांना मुतखड्याचा विकार आढळला, तर सर्वसाधारण तापमानात काम करणाऱ्यांत हे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होते. इटलीतील काचकारखान्याच्या कामगारांविषयी १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्षही याच दिशेचा होता. उरला येथील भट्टीकामगार, चंद्रपूरच्या खाणीतील मजूर किंवा विदर्भातील उन्हात राबणारा शेतकरी, यांपैकी कोणाच्या कुशीत एकाएकी कळ उठली तर प्रथम मूत्रपिंडाचा विचार करावा लागतो तो यामुळेच.

या कळेचे निदान कसे करतात आणि तिच्यावर कोणते उपचार होतात, हे समजून घेताना एक गोष्ट आरंभीच लक्षात ठेवली पाहिजे. मूत्रपिंडाच्या बाबतीत वेदना आणि धोका या दोहोंचे प्रमाण सारखे नसते. तांदळाच्या दाण्याएवढा खडा माणसाला जमिनीवर लोळायला लावतो; उलट संपूर्ण मूत्रपिंड निकामी करणारा विकार वर्षानुवर्षे निमूटपणे वाढत राहतो. म्हणून वेदना सुरू होणे ही जशी सूचना आहे, तसेच ती थांबणे हा रोगमुक्तीचा पुरावा मात्र नव्हे.

वेदना कोठून उद्भवते?

मूत्रपिंडे दोन असतात. पोटाच्या मागील भिंतीला लागून, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आश्रयाने ती वसलेली असतात. प्रत्येकाची लांबी सुमारे १० ते १२ सेंटिमीटर असते. दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव या अवयवांतून गाळला जातो. त्यातील बहुतेक सर्व पुन्हा रक्तात शोषला जातो आणि उरलेला दीड-दोन लिटर भाग मूत्र म्हणून बाहेर पडतो. हे मूत्र प्रथम नरसाळ्याच्या आकाराच्या पोकळीत जमते. तिला मूत्रपिंडद्रोणी म्हणतात. तेथून २५ ते ३० सेंटिमीटर लांबीची एक अरुंद नळी ते मूत्राशयात पोहोचविते. ही मूत्रवाहिनी होय. ती केवळ पन्हळीसारखी निर्जीव नळी नसून तिच्या भित्तीतील स्नायू लयबद्ध आकुंचनाने मूत्र पुढे ढकलीत असतात.

मूत्रपिंडाच्या अंतर्भागाला वेदनेची जाणीव जवळजवळ नसते. ही जाणीव असते ती त्याच्यावरील पातळ वेष्टनाला आणि मूत्रपिंडद्रोणीच्या व मूत्रवाहिनीच्या भित्तीला. आणि तीही प्रामुख्याने ताणाची. वाहिनीत खडा अडकला की त्याच्या वरच्या बाजूस मूत्र साचते, दाब वाढतो आणि भित्ती ताणली जाते. त्याच वेळी मूत्रपिंडात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये निर्माण होतात. त्यांच्यामुळे मूत्रपिंडाकडे येणारे रक्त वाढते, मूत्र अधिक तयार होते आणि आधीच तुंबलेल्या जागी आणखी भर पडते. अडथळ्याच्या ठिकाणी स्नायूंचे आचके येतात व सूजही येते. असह्य कळ निर्माण होते ती या सर्वांच्या एकत्रित परिणामाने. खडा टोचतो म्हणून दुखते, ही सर्वसामान्य समजूत पूर्णपणे खरी नाही. मुख्यतः तुंबते म्हणून दुखते.

यावरून हेही उघड होते की, दाब जर अगदी सावकाश वाढत गेला तर वेष्टन व भित्ती हळूहळू सैल होतात आणि वेदना नाममात्र असते किंवा मुळीच नसते. जन्मतःच अरुंद असलेली वाहिनी, क्षयरोगाने आलेले आकुंचन किंवा बाहेरून दाब देणारी गाठ यांच्यामुळे मूत्रपिंड फुग्यासारखे फुगून निरुपयोगी झाले तरी रुग्णाला त्याचा पत्ता लागत नाही, तो या कारणाने.

वेदनेचे स्थान आणि तिचा प्रवास

मूत्रपिंडाच्या वेदनेचे नेहमीचे स्थान म्हणजे शेवटची बरगडी आणि पाठीचा कणा यांच्यामधील कोन. तेथून ती कुशीतून पुढे पोटाकडे व खाली जांघेकडे उतरते. पुरुषांना ती वृषणात, तर स्त्रियांना बाह्य जननेंद्रियापाशी जाणवू शकते. वास्तविक तेथे काहीच बिघडलेले नसते. मूत्रपिंड, मूत्रवाहिनी आणि हे भाग यांच्याकडून येणारे मज्जातंतू मेरुरज्जूच्या जवळजवळ त्याच पातळीवर प्रवेश करतात; त्यामुळे मेंदूची वेदनेच्या जागेविषयी गफलत होते. जठर व आतडी यांच्याशी असलेल्या मज्जातंतूंच्या संबंधामुळेच या कळेबरोबर मळमळ व उलट्या होतात आणि कित्येकदा रुग्ण पोटाचा विकार समजून औषध घेत राहतो.

मूत्रवाहिनी तीन ठिकाणी निसर्गतःच अरुंद असते: मूत्रपिंडद्रोणीतून ती निघते तेथे, ओटीपोटाच्या कडेवर मोठ्या रक्तवाहिन्यांना ओलांडते तेथे आणि मूत्राशयात शिरते तेथे. खडा बहुधा या तीन ठिकाणी अडतो. वर अडला तर दुखणे कुशीत राहते. मध्यभागी उजव्या बाजूस अडला तर आंत्रपुच्छाच्या दाहाचा भास होतो. अगदी खाली, मूत्राशयाच्या दाराशी अडला तर वारंवार लघवीची भावना होते, जळजळ होते, पण लघवी मात्र थेंबथेंब होते. वेदनेची जागा खाली सरकत आहे, असे रुग्णाने सांगितले तर खडाही खाली सरकत असावा, असा तर्क करता येतो.

वेदनेच्या स्वरूपावरूनही पुष्कळ काही समजते. खड्याची कळ एकाएकी उठते, पुष्कळदा रात्री किंवा पहाटे. काही वेळातच ती शिगेला पोहोचते. रुग्णाला कोणत्याही कुशीवर चैन पडत नाही. तो उठतो, येरझाऱ्या घालतो, पुन्हा लोळतो. याउलट पोटाच्या आतील आवरणाला सूज आली असता रुग्ण निश्चल पडून राहतो, कारण किंचित हालचालीनेही त्याचे दुखणे वाढते. अनुभवी डॉक्टर खोलीत पाऊल टाकताच या एका फरकावरून पुष्कळसे ओळखतो. कंबरेच्या स्नायूंचे दुखणे वाकल्याने, वजन उचलल्याने वाढते आणि विशिष्ट स्थितीत पडून राहिल्याने कमी होते. जड लोखंड उचलणाऱ्या कामगाराच्या बाबतीत हा भेद विशेष काळजीने पाहावा लागतो. मूत्रपिंडात जंतुसंसर्ग झाला असेल तर दुखणे मंद पण सततचे असते. थंडी वाजून ताप येतो आणि पाठीच्या त्या कोनावर हलकेच ठोकले तरी रुग्ण कळवळतो.

सारखी दिसणारी परंतु वेगळी दुखणी

कुशीतील प्रत्येक कळ मूत्रपिंडाची नसते. साठीच्या पुढील माणसाला, विशेषतः धूम्रपान करणाऱ्याला, प्रथमच अशी कळ आली तर उदरातील महारोहिणी फुगून फुटण्याच्या बेतात तर नाही ना, याची खात्री करून घ्यावी लागते. कारण ही चूक प्राणघातक ठरते. प्रजननक्षम वयाच्या स्त्रीत गर्भाशयाबाहेरील गर्भधारणेची शंका घेतलीच पाहिजे. तरुण मुलाचा वृषण पिळवटला गेला तर काही तासांतच शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून केवळ जांघेतील दुखणे ऐकून न थांबता वृषणाची तपासणी आवश्यक ठरते. आंत्रपुच्छाचा दाह, पित्ताशयातील खडे, फुप्फुसाच्या तळाचा न्यूमोनिया, पुरळ उमटण्यापूर्वीची नागीण ही आणखी काही उदाहरणे होत.

छत्तीसगड आणि पूर्व विदर्भ या प्रदेशांत आणखी एका कारणाचे स्मरण ठेवणे इष्ट असते. येथील अनेक समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक दोष आढळतो. या दोषात तांबड्या रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात. मूत्रपिंडाच्या अंतर्भागात प्राणवायू कमी आणि क्षारांचे प्रमाण अधिक असल्याने तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत त्या अडकतात. परिणामी मूत्रपिंडाच्या आतील टोकांचा काही भाग मृत होऊन गळून पडतो. लघवीतून रक्त जाते, आणि गळलेला तुकडा वाहिनीत अडकल्यास हुबेहूब खड्यासारखी कळ उठते. ज्यांच्यात हा दोष केवळ वाहक रूपाने असतो आणि जे एरवी पूर्णपणे निरोगी असतात, अशांतही हे घडू शकते. दीर्घकाळचा मधुमेह आणि वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेकी वापर हीदेखील याच प्रकारच्या हानीची कारणे आहेत.

निदानाची साधने

सर्वांत साधी आणि स्वस्त तपासणी लघवीची. तिच्यात तांबड्या पेशी आढळल्या तर खड्याची शक्यता वाढते. परंतु खडा असलेल्या दर दहांपैकी साधारण एका रुग्णाच्या लघवीत रक्त आढळत नाही, म्हणून रक्त नाही तेव्हा खडा नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. पू-पेशी व जंतू आढळल्यास संसर्ग समजावा. प्रतिजैविक औषध सुरू करण्यापूर्वी लघवीचा नमुना संवर्धनासाठी राखून ठेवावा लागतो, अन्यथा कोणते औषध लागू पडेल हे पुढे कळणे कठीण होते. पू-पेशी पुष्कळ असून नेहमीच्या संवर्धनात जंतू वाढत नसतील तर भारतासारख्या देशात क्षयरोगाचा विचार अवश्य करावा. रक्तातील क्रिएटिनिनच्या प्रमाणावरून मूत्रपिंडाच्या कार्यशक्तीचा अंदाज येतो. तथापि एक मूत्रपिंड तुंबले तरी दुसरे निरोगी असल्यास हे प्रमाण फारसे वाढत नाही, ही मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे.

शरीराच्या आत डोकावण्याचा मार्ग १८९५ साली राँटगेन यांनी लावलेल्या क्ष-किरणांच्या शोधाने खुला झाला. पुढच्याच वर्षी ग्लासगो येथे मॅकिंटायर यांनी या किरणांनी मूत्रपिंडातील खड्याचे छायाचित्र घेतले. १९२९ साली स्विक यांच्या संशोधनातून, शिरेत टोचलेले आणि मूत्रावाटे बाहेर पडणारे द्रव्य वापरून संपूर्ण मूत्रमार्ग क्ष-किरणांत दिसू लागला. साध्या क्ष-किरण चित्रात कॅल्शियमयुक्त खडे दिसतात. यूरिक आम्लाचे खडे मात्र दिसत नाहीत.

आज सोनोग्राफीची सोय तालुक्याच्या ठिकाणीही आढळते. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून मूत्रपिंड फुगले आहे की नाही, हे तीत चांगले कळते. त्यात किरणोत्सर्ग नसल्याने गर्भवती स्त्रिया व मुले यांच्यासाठी ती पहिली तपासणी ठरते. मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातील खडा मात्र आतड्यांतील वायूमुळे तीत निसटू शकतो. सी.टी. स्कॅन ही सर्वांत खात्रीची तपासणी होय. खड्याचे आकारमान, जागा आणि घनता तीत कळते, शिवाय दुखण्याचे अन्य कारण असल्यास तेही उघडकीस येते. प्रत्येक रुग्णाला मात्र तिची गरज नसते. अमेरिकेतील १५ रुग्णालयांत २,७५९ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की, प्रथम सोनोग्राफी करून गरजेपुरताच सी.टी. स्कॅन केल्याने गंभीर निदान चुकण्याचे प्रमाण वाढले नाही. खर्चाचा विचार करावा लागणाऱ्या समाजाला हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे.

तातडीचे उपचार

कळ आलेल्या रुग्णाची वेदना शमविणे हे डॉक्टरचे पहिले कर्तव्य होय. निदान पूर्ण होईपर्यंत रुग्णाला तळमळत ठेवण्याचे काहीच कारण नाही. डायक्लोफेनॅकसारखी दाहशामक औषधे येथे विशेष उपयोगी पडतात, कारण दाब वाढविणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनांची निर्मितीच ती रोखतात. कतारमध्ये १,६४५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्नायूत दिलेले डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन मॉर्फिनपेक्षाही अधिक परिणामकारक ठरले. परंतु हीच औषधे मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. ज्याचे मूत्रपिंड आधीच दुबळे आहे, ज्याच्या शरीरातील पाणी घामाने वा उलट्यांनी आटले आहे, ज्याला पोटात व्रण आहे किंवा जी स्त्री गर्भवती आहे, अशांच्या बाबतीत ती टाळावी लागतात. भट्टीवरून थेट दवाखान्यात आलेल्या कामगाराला इंजेक्शन देण्यापूर्वी त्याच्या शरीरातील पाण्याची तूट पाहणे यासाठीच अगत्याचे ठरते. रोजच्या अंगदुखीवर ओळखीच्या दुकानातून घेतलेल्या गोळ्या महिनोन्महिने खाण्याची सवय याच कारणाने घातक आहे.

कळ चालू असताना भरपूर पाणी पाजून किंवा सलाईन चढवून खडा ढकलून काढता येतो, ही समजूत बरोबर नाही. तुंबलेल्या नळीत वरून आणखी पाणी ओतल्याने दाब आणि दुखणे वाढण्याचीच शक्यता असते. उलट्यांमुळे पाणी कमी झाले असेल तर ते भरून काढावे, एवढेच.

एका अवस्थेत मात्र क्षणाचाही विलंब परवडत नाही. कुशीत कळ आहे आणि त्याबरोबर थंडी वाजून ताप येत आहे, याचा अर्थ तुंबलेल्या मूत्रात जंतूंची वाढ होत आहे, असा घ्यावा. हे जंतू दाबामुळे रक्तात शिरतात आणि काही तासांत रुग्णाचा रक्तदाब कोसळू शकतो. अशा वेळी प्रतिजैविके एकटी पुरी पडत नाहीत; गळूतील पू जसा वाट करून काढावा लागतो, तसे तुंबलेले मूत्र काढावेच लागते. त्यासाठी मूत्राशयाच्या मार्गाने वाहिनीत बारीक नळी बसवितात किंवा पाठीतून सुईने थेट मूत्रपिंडात नळी घालतात. खडा काढण्याचा विचार संसर्ग शमल्यावर करावयाचा असतो. एकच मूत्रपिंड असलेल्या रुग्णाला अडथळा आला किंवा लघवी पूर्ण बंद झाली तर तीही अशीच आणीबाणी होय.

खडा काढण्याचे उपाय

अश्मरी म्हणजे मुतखडा. तिचे वर्णन सुश्रुतसंहितेत निदान आणि चिकित्सा या दोन्ही स्थानांत स्वतंत्र अध्यायांत आले आहे. औषधांनी गुण न आल्यास शेवटचा उपाय म्हणून मूत्राशयातील खडा शस्त्राने काढण्याची रीत त्यात सांगितली आहे. मूत्रपिंडापर्यंत शस्त्र पोहोचायला मात्र एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८६९ साली हायडेलबर्ग येथे गुस्ताव्ह सिमॉन यांनी पूर्वनियोजित शस्त्रक्रियेने एका रुग्णाचे मूत्रपिंड काढले आणि माणूस एका मूत्रपिंडावर जगू शकतो, हे सिद्ध केले. पुढे शंभर वर्षे मोठ्या खड्यासाठी कूस उघडणे हाच मार्ग होता.

हे चित्र अल्पावधीत पालटले. १९७६ साली स्वीडनमधील फर्नस्ट्रम व योहान्सन यांनी पाठीतून पाडलेल्या लहानशा छिद्रावाटे खडा काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिक येथे शाउसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीराबाहेरून आघातलहरी सोडून एका रुग्णाचा खडा आतल्या आत फोडला. आज साधारणपणे दोन सेंटिमीटरहून मोठ्या खड्यासाठी छिद्राची पद्धत, मूत्रपिंडातील त्याहून लहान खड्यासाठी आघातलहरी आणि वाहिनीतील खड्यासाठी लघवीच्या मार्गाने घातलेली दुर्बीण व लेसर, अशी योजना करण्यात येते.

तथापि प्रत्येक खडा काढावा लागत नाही. ५ मिलिमीटर किंवा त्याहून लहान खड्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश खडे आपोआप पडून जातात. ५ ते १० मिलिमीटरच्या खड्यांपैकी निम्म्याच्या आसपास पडतात. वाहिनीच्या खालच्या भागातील काहीशा मोठ्या खड्यासाठी स्नायू सैल करणारे औषध काही डॉक्टर देतात, पण ब्रिटनमधील २०१५ च्या एका मोठ्या चाचणीत अशा औषधांचा एकंदर रुग्णांना फायदा दिसला नाही. कुळथाचे कढण, पाषाणभेद आणि गावोगावची खात्रीची औषधे यांच्या कीर्तीचे रहस्य या आकड्यांतच दडलेले आहे. जो खडा एरवीही पडणारच होता, त्याचे श्रेय त्या वेळी चालू असलेल्या औषधाला मिळते. सर्वांत जास्त आढळणारा कॅल्शियम ऑक्झॅलेटचा खडा एकदा तयार झाला की कोणत्याही औषधाने विरघळत नाही. यूरिक आम्लाचा खडा मात्र मूत्राची आम्लता औषधाने कमी केल्यास खरोखरच विरघळतो. म्हणून पडलेला खडा टाकून न देता गाळून घ्यावा व तपासून घ्यावा.

वेदना थांबल्यानंतर

उपचाराचा सर्वांत दुर्लक्षित भाग येथून सुरू होतो. इंजेक्शनने कळ थांबते, दुसऱ्या दिवशी कामगार पाळीवर हजर होतो. एका दिवसाचा खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे, हे ज्याच्या बाबतीत खरे आहे त्याला दोष देता येत नाही. परंतु कळ थांबण्याची कारणे दोन असू शकतात. खडा पडून गेला हे एक. आणि खडा तेथेच राहिला, पण तुंबलेल्या मूत्रपिंडाने मूत्र तयार करणे कमी केल्याने दाब उतरला, हे दुसरे. रुग्णाला दोन्ही सारखेच वाटतात. दुसऱ्या प्रकारात मूत्रपिंड आतल्या आत झिजत असते. पूर्ण अडथळा काही आठवड्यांत दूर झाला नाही तर त्याची गेलेली शक्ती पुरती परत येत नाही. यास्तव खडा पडल्याचे प्रत्यक्ष दिसले नसेल तर चार आठवड्यांच्या आत पुन्हा सोनोग्राफी वा अन्य तपासणी करून वाट मोकळी झाल्याची खात्री करून घेणे अत्यावश्यक आहे.

वाहिनीत बसविलेल्या नळीचेही तसेच. ही नळी ठरावीक मुदतीत, साधारणतः तीन महिन्यांच्या आत, काढावी किंवा बदलावी लागते. दुखणे नाहीसे झाल्याने रुग्णाला तिचा विसर पडतो. परप्रांतातून आलेला कंत्राटी कामगार ठेका संपताच गावी परततो आणि नळी शरीरातच राहते. कालांतराने तिच्यावरच क्षारांचे थर बसतात. नळी केव्हा काढावयाची, त्याची तारीख रुग्णाच्या भाषेत कागदावर लिहून त्याच्या हाती देणे, ही छोटीशी दक्षता एखादे मूत्रपिंड वाचवू शकते.

वेदना मुळीच नसलेल्या विकारांची आठवणही येथे करून दिली पाहिजे. छत्तीसगडच्या गरियाबंद जिल्ह्यातील सुपेबेडा या गावात मूत्रपिंड निकामी होऊन अनेक माणसे दगावली आहेत. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, बुलढाणा व अमरावती जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यातही मूत्रपिंडाच्या विकारांचे गाऱ्हाणे जुने आहे. अशा दीर्घकालीन विकारांत कूस दुखत नाही. थकवा, पायांवर सूज, वाढलेला रक्तदाब ही लक्षणे दिसतात, आणि तीही पुष्कळ हानी झाल्यानंतर. मधुमेह व रक्तदाब असलेल्यांनी दुखणे नसतानाही वर्षातून एकदा लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून घेणे, हाच त्यावरील मार्ग होय.

प्रतिबंध

ज्याला एकदा खडा झाला त्याला दहा वर्षांच्या आत पुन्हा होण्याची शक्यता सुमारे निम्मी असते. ही शक्यता कमी करण्याचा सर्वांत सिद्ध उपाय म्हणजे पाणी. इटलीत बोर्गी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथमच खडा झालेल्या १९९ रुग्णांचा पाच वर्षे पाठपुरावा केला. भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला. इतरांत हे प्रमाण २७ टक्के होते. किती पाणी प्यावे, याचा एकच आकडा सर्वांना लागू पडत नाही. दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी व्हावी, ही कसोटी होय. कार्यालयात बसणाऱ्याला त्यासाठी तीन लिटर पाणी पुरेल, भट्टीवरच्या माणसाला त्याच्या दुपटीहून अधिकही लागेल. लघवीचा रंग फिकट गवतासारखा असला म्हणजे पाणी पुरेसे झाले, ही खूण कोणालाही वापरता येते.

छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांत उन्हाळ्यात शिजवलेला भात पाण्यात भिजवून, कांदा व मिरचीबरोबर खाण्याची प्रथा आहे. या बोरे-बासीमुळे अन्नाबरोबर पाणीही पोटात जाते. येथील आहारात पालेभाज्यांना मोठे स्थान आहे. त्यांपैकी लाल माठ व पालक यांत ऑक्झॅलेट अधिक असते. त्या वर्ज्य करण्याची गरज नसते; दही-ताक यांच्यासमवेत खाल्ल्यास त्यांतील ऑक्झॅलेट आतड्यातच कॅल्शियमशी बांधले जाते. खडा कॅल्शियमचा म्हणून दूध-दही सोडावे, हा सल्ला चुकीचा आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या एका अभ्यासात, कॅल्शियम तोडलेल्यांपेक्षा नेहमीएवढे कॅल्शियम घेऊन मीठ व मांस कमी केलेल्यांना पुन्हा खडा होण्याचे प्रमाण जवळजवळ निम्मे आढळले.

पाणी पिणे ही गोष्ट मात्र केवळ व्यक्तीच्या इच्छेवर अवलंबून नसते. पाण्याचा माठ भट्टीपासून दूर असेल, मध्ये विश्रांती मिळत नसेल, स्वच्छतागृह नसेल किंवा तेथे जाण्याची मुभा नसेल तर माणूस आपोआप कमी पाणी पितो. स्त्री-कामगार तर स्वच्छतागृहाच्या अभावी तहान मारतात आणि लघवी रोखून धरतात; त्यातून त्यांच्या वाट्याला जंतुसंसर्ग येतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उन्हाळ्यात थंड पाण्याची सोय बंधनकारक केली होती. त्या तरतुदीमागील विचार मूत्रपिंडाच्या शरीरशास्त्राशी पूर्णपणे जुळणारा आहे. कामाच्या जागेपाशी ठेवलेले गार पाणी, ते पिण्यासाठी मिळालेली पाच मिनिटे आणि जवळचे स्वच्छतागृह यांना शस्त्रक्रियेच्या तुलनेत खर्च नगण्य येतो; आणि कुशीत कळ उठण्यापूर्वीच, किंवा कळ न उठताही जी हानी होते तिच्यापूर्वीच, त्यांचा उपयोग होतो.